आरपार जाणारा दगड

बनसोडे गुरुजी, मी आज जो कोणी आहे तो तुमच्यामुळे आहे, आणि तुम्हाला मी ढकललं होतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय मला पुढचं काहीच लिहिता येणार नाही, म्हणून आधी त्या लिहून टाकल्या.

गेल्या रविवारी इथं अमेरिकेत, बेलव्ह्यूला आमच्या घरी तुमच्यासाठी बुद्धवंदना झाली. पंधरा-वीस माणसं आली होती. नागपूरचे मेश्राम काका-काकू, पुण्याहून नोकरीला आलेली दोन-तीन पोरं, माझ्या बायकोच्या, स्मिताच्या मैत्रिणी. तुमचा फोटो टीव्हीच्या खालच्या टेबलावर ठेवला होता. वंदना झाल्यावर चहा घेताना एकानं विचारलं, "गुरुजी कशानं गेले?"

"झोपेत."

"चांगलं मरण आलं यार," तो म्हणाला. "काही त्रास नाही."

मी मान हलवली. त्याला पुढचं सांगितलं नाही. ते इथं तुम्हालाच सांगतो, कारण त्यातलं निम्मं तुम्हालाही ठाऊक नाही.

आमचं पहिलं घर कुडाचं होतं. कापसाच्या पळाट्यांचा कुड, वरून शेणमाती, छपराला पाचट. मला ते घर जवळजवळ आठवत नाही. आठवतो तो एक पाय. बापानं मजुरीवरून काही उलट उत्तर दिलं होतं म्हणून पाटलाचा माणूस दारात आला, आणि आत न येताच त्यानं बाहेरून भिंतीला लाथ घातली. पाय गुडघ्यापर्यंत आमच्या घरात आला. आई भाकरी थापत होती. तिच्या परातीशेजारी एक चप्पल घातलेला पाय. त्यानं तो परत ओढून घेतला आणि निघून गेला. बाप त्या भोकाकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. तेव्हा तुम्ही गावच्या शाळेवर नवीन होतात. भोकातून आत बघून म्हणालात, "ज्याच्या भिंतीला लाथ मारून भोक पडतं त्याला घर म्हणत नाहीत. दगडाचं बांधायचं."

तुम्ही नुसतं बोलला नाहीत. प्रत्येक रविवारी सदरा काढून, डोक्याला पंचा गुंडाळून बापाबरोबर दगड वाहिलेत. दोन हात रुंदीच्या भिंती झाल्या. लाकडं टाकून वर माळवद झालं. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा, धुमसानं ठोकायचा, म्हणजे गळत नाही. गावात सगळ्यांची तशीच पद्धत. जुना थर कोणी काढत नसे, नवा मात्र दर वर्षी चढे. ज्याचं माळवद जाड तो खानदानी. आमच्यावर चार उन्हाळ्यांचे चार थर चढले, आणि चारही वेळा टोपल्या उचलायला तुम्ही होतात. आमच्या वस्तीतलं ते पहिलं दगडाचं घर. बाकी सगळे कुडातच राहत होते.

मग किल्लारीचा भूकंप म्हणून जग ज्याला ओळखतं तो झाला, आणि आपलंही गाव गेलं.

मी नऊ वर्षांचा होतो. आधी आवाज आला, जमिनीखाली कोणी ट्रक भरून दगड ओतावेत तसा. भिंत पडते असं लोक म्हणतात. भिंत पडत नाही. ती पोटातून फुटते, आतले गोटे ओकते, आणि मग वरचं माळवद सगळं एकदम खाली बसतं. आई माझ्यावर आडवी होती. माती जाऊ नये म्हणून तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता. थोडा वेळ तो हात गरम होता.

तुम्ही शाळेच्या पत्र्याखाली झोपला होतात म्हणून वाचलात. तुमची पहार मी खालून ऐकली. एक घाव दगडावर, दुसरा दगडावर, तिसरा माझ्या पोटरीत. मी ओरडलो तेव्हा तुम्हाला कळलं की मी जिवंत आहे. मग तुम्ही पहार टाकून हातांनी उकरलंत. तुमची नखं निघाली होती. केसाला धरून मला ओढलंत, पण आईचा हात माझ्या तोंडावरून सुटेना. तुम्ही तो दोन्ही हातांनी उघडलात. त्याचा आवाज मी ऐकला आहे. त्याबद्दल आपण तीस वर्षांत एकदाही बोललो नाही.

बाप दाराशी सापडला. त्या दिवशी पाऊस होता, सरपण नव्हतं. पडलेल्या घरांचीच लाकडं काढून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. आमच्या माळवदाच्या तुळईवर माझी आई जळली. शेजारच्या रखमामावशीचं कुडाचं घर आडवं झालं होतं. ती झटकून उठली होती, आणि रडत रडत सगळ्यांना पाणी देत हिंडत होती. आमच्या वस्तीत कुडाच्या घरातलं कोणीही मेलं नाही.

हे तुम्हाला त्याच दिवशी दिसलं असणार. मला ते कळायला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष लागलं.

मला वसतिगृहात घातलंत तेव्हा मी स्लॅबखाली जाईना. दारातच बसून राहिलो. तुम्ही माझ्या मुस्काटात मारलीत, एक नाही, तीन. "आत जा. जन्मभर उघड्यावर झोपणार का?" मी गेलो. आणि तुम्ही? सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावात तुम्हाला दोन खोल्या मिळाल्या, पण तुमची खाट कायम अंगणात. पावसात ओसरीला. थंडीत दोन घोंगड्या. मला आत ढकलून तुम्ही तीस वर्षं बाहेर झोपलात.

दर शनिवारी मी तुम्हाला पत्र लिहायचं, हा तुमचा नियम. मी पाठवलेलं पत्र लाल शाईनं तपासून परत यायचं. पुढे घरोघरी फोन आले तरी तुमचं मत बदललं नाही. "तोंडानं माणूस काहीबाही बोलतो. महत्त्वाचं असेल तर लिहून दे." आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. शपथेवर सांगतो, त्या पदवीत माझ्या हुशारीपेक्षा तुमची लाल शाई जास्त आहे.

वर्षभरापूर्वी तुम्ही इकडे आलात. पहिल्याच सकाळी तुम्ही हॉलची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिलीत. पोकळ आवाज आला. तुम्ही पुन्हा वाजवलीत.

"मिलिंदा, हे काय आहे?"

"लाकडाची चौकट गुरुजी. वरून जिप्समची पाटी."

"एवढा शिकलास, अमेरिकेत आलास, आणि घर कुडाचंच?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. "लाथ मारली तर?"

"भोक पडेल."

"मग?"

"मग शनिवारी मी ते बुजवीन. इथं लाथ मारायला कोण येतंय?"

तुम्ही हसायचे थांबलात. म्हणालात, "हां. ते मात्र खरं." आणि रात्री खाट नाही म्हणून गादी मागच्या डेकवर ओढून घेतलीत. स्मिता घाबरली. "अहो, थंडी किती आहे! नेबर्स पोलिसांना कॉल करतील." शेवटी तोडगा निघाला: गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून तुम्ही गाडीशेजारी झोपायचं. माझी मुलगी मैत्री अकरा वर्षांची, तिला फार मजा वाटली. "आजोबा कॅम्पिंग करतायत!"

एकदा मी घरून काम करत होतो. माझं काम इथं जुन्या विटांच्या इमारती भूकंपात टिकतील अशा करण्याचं. ते तुम्हाला आवडायचं, पण त्यातलं तुम्ही कधी खोदून विचारलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर इटलीतल्या एका जुन्या गावाचा फोटो होता. एक मोकळं शेत, त्यात ओळीनं मांडलेले शेकडो दगड, प्रत्येकावर रंगानं आकडा. तुम्ही मागे उभे राहिलात ते हललाच नाहीत.

"हे काय करायलेत?"

"भूकंपात गाव पडलं. त्यांनी प्रत्येक दगड उचलून, नंबर टाकून, जिथला तिथं परत बसवला."

"आणि गाव?"

"तिथंच आहे. जसंच्या तसं."

आपल्या गावाचं काय झालं होतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन कोसांवर सरळ रस्त्यांची वसाहत, आणि जुन्या गावावर बाभळी. "गाव हलवायचं नव्हतं, तिथंच उभं करायचं होतं," हे तुमचं पालुपद मी लहानपणापासून ऐकत आलो. तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणालात, "मला मॉल नको, धबधबा नको. हे गाव दाखव."

व्हिसाची कागदपत्रं जमवायला दोन महिने गेले. एप्रिलमध्ये तुम्ही, मी आणि मैत्री, असे तिघं गेलो. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचं लहानसं गाव, भोवती तट, आत दगडी चर्च, दुकानांतून लव्हेंडरच्या पुरचुंड्या. आपल्याबरोबर तिथलाच एक म्हातारा वाटाड्या होता. भूकंप झाला तेव्हा तो तरुण होता. मोडक्या इंग्रजीत तो सांगत होता की एकदा हादरलं, भिंती तडकल्या. लोकांनी टेकू लावले. आणि काही महिन्यांनी पुन्हा हादरलं, तेव्हा राहिलेलंही गेलं. मग तंबूंत राहून लोक वर्षानुवर्षं भांडले, गाव हलवायचं की तिथंच बांधायचं. त्याचा सख्खा भाऊ त्या भांडणानंतर त्याच्याशी कधीच बोलला नाही. मी तुम्हाला मराठीत सांगत होतो आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला "बघ, बघ" म्हणत होता.

चर्चच्या आत एका कोपऱ्यात त्यानं एक दगड दाखवला. त्यावर काळ्या रंगाचा आकडा अजून होता. तुम्ही त्यावर हात ठेवला. पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा फिरवलात. बाहेर चौकात आल्यावर तुम्ही काठी आपटून म्हणालात, "मी तीस वर्षं काय म्हणतोय? दगड वाईट नसतो. दगडाचं घर मारत नाही. आपल्या लोकांनी घाबरून दगड सोडला."

गुरुजी, तिथं मी गप्प बसायला हवं होतं. तुम्ही सत्त्याहत्तर वर्षांचे होता आणि जगात एकच गोष्ट तुम्हाला ऐकायची होती, ती तुम्ही स्वतःच स्वतःला सांगत होता. मी म्हणालो, "आत पोलाद घातलंय गुरुजी. नुसता दगड नाही ठेवलेला."

"मग आपणही घातलं असतं!"

"तेव्हा कुठून घातलं असतं? तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय म्हणायलास तू?"

आणि माझ्या तोंडून ते निघालं. "तुमच्या घरानं मारलं माझ्या आईला. कुडात राहिलो असतो तर ती जिवंत असती. रखमामावशी उठून चालायला लागली आणि माझी आई तुमच्या चार थरांखाली मेली. किती वजन होतं सांगू? मी काढलंय. कॉलेजात असतानाच काढलंय."

तुमची काठी माझ्या खांद्यावर बसली. मग मानेवर. मग पुन्हा खांद्यावर. लोक थांबले. मैत्री किंचाळली, "बाबा, स्टॉप! बोथ ऑफ यू, स्टॉप!" चौथा फटका येताना मी काठी धरली आणि तुम्हाला ढकललं. जोरात. मी तुम्हाला सावरायला नाही, पाडायला ढकललं. तुम्ही भिंतीवर आदळलात आणि खाली बसलात. कोपर फाटलं. त्या एकेक करून परत बसवलेल्या दगडांवर तुमचं रक्त लागलं. दुकानातली एक बाई धावत आली, तिनं फडकं दाबलं. वाटाड्या माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हा आता मला मारणार. त्यानं नुसती मान हलवली, जणू त्याला हे भांडण ओळखीचं होतं.

"यू पुश्ड हिम," मैत्री म्हणाली. पुढचे दोन दिवस ती तुमच्याच खोलीत होती.

तुमच्या परतीला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत तुम्ही फक्त मैत्रीशी बोललात. स्मिता मला रोज सांगायची, "अहो, बोला ना त्यांच्याशी. सॉरी म्हणा." मी गॅरेजच्या दारापर्यंत जायचो आणि गाडीतून काहीतरी काढायचं नाटक करून परत यायचो. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसल्यावर तुम्ही मला खुणेनं खाली वाकवलंत. मला वाटलं, मुस्काटात माराल. मारायला हवी होती.

तुम्ही म्हणालात, "मिलिंदा, तुझं बरोबर आहे."

आणि खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला हातानं पुढे चल म्हणालात.

त्यानंतर तुम्ही माझा फोन घेतला नाहीत. तुमची पुतणी सुनंदाताई, जिच्या घरी तुम्ही आता राहत होता, खाट तिथंही अंगणातच, ती बिचारी दर वेळी नवं कारण सांगायची. "झोपलेत बगा." "मळ्याकडं गेलेत." एकदा तिनं खरं सांगितलं. "मिलिंददादा, ते जेवतेत कमी. मी विचारलं तर म्हणतेत, सुनंदा, मी दोन माणसं मारलीत. काय झालं वो तिकडं?"

मला तेव्हा कळलं की मी काय केलं होतं. ढकलल्यानं फाटलेलं कोपर बरं झालं असतं. पण तीस वर्षं ज्या विचाराला तुम्ही अंगणात, उघड्यावर, एकट्यानं तोंड देत होता, त्याच्यावर मी माझ्या पदवीचा शिक्का मारून दिला होता. तुम्ही मला शिकवलंत, आणि मी ते शिक्षण तुमच्याच अंगावर घातलं.

पुन्हा तोंडानं बोलायचं नाही असं ठरवलं. कागद घेतला. मला तुमचं समाधान करायचं नव्हतं. तुम्ही खोटं पत्र लाल शाईनं परत पाठवलं असतंत. म्हणून जुनं गणित पुन्हा मांडलं, या वेळी नीट. कॉलेजात मी फक्त वजन काढलं होतं. भिंत तपासलीच नव्हती. महिनाभर लिहीत होतो. पोस्टात टाकलं आणि वाट बघत बसलो.

तीन आठवड्यांनी सुनंदाताईचा फोन आला तो पत्र मिळाल्याचा नव्हता.

"सकाळी उठलेच नाहीत, दादा." ती रडत होती. मग तिनं मागचं सांगितलं. पत्र सोमवारी आलं. तुम्ही भिंग घेऊन दुपारभर ओसरीवर वाचत बसलात. कुणाला दाखवलं नाहीत. संध्याकाळी उठून आतल्या भिंती बोटांनी वाजवून पाहिल्यात, चारही. मग अंगणातून तिच्या नवऱ्याला एक टोक धरायला हाक मारलीत. त्यानंतर नऊ रात्री गेल्या. दहाव्या सकाळी ती चहा घेऊन आत गेली.

तुमच्या उशाखाली पत्र होतं. तिनं फोटो काढून पाठवला. सगळीकडे शोधलं गुरुजी, लाल शाई कुठंच नाही. ते पत्र हे:

*गुरुजींना जय भीम.*

*आधी माफी. मी तुम्हाला ढकललं. रागात ढकललं, चुकून नाही. ज्यानं मला हातांनी उकरून काढलं त्या माणसावर मी हात टाकला. याला कारण देत नाही.*

*आता गणित. तुम्ही तपासा.*

*घर दगडाचं नसतं तर आई-बाप वाचले असते. हे खरं आहे आणि ते मी खोडत नाही. पण मी म्हणालो की तुमच्या चार थरांनी मारलं, ते चूक होतं. आपल्याकडची भिंत दिसायला एक असते, प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. एक आतली, एक बाहेरची, मध्ये गोटे आणि माती. दोघींना धरून ठेवायला एक लांब दगड आरपार घालावा लागतो, दर काही हातांवर एक. तो नसला की हादऱ्यात दोघी वेगळ्या होतात आणि भिंत पोटातून फुटते. मातीचा एकही थर नसता, नुसती लाकडं असती, तरी आमची भिंत फुटली असती. मी तीन प्रकारे काढून पाहिलं.*

*तो आरपार दगड पाटलाच्या वाड्यातही नव्हता. गावात कोणत्याच भिंतीत नव्हता. कुणाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही त्या गावातल्या उत्तमात उत्तम घरासारखं घर आम्हाला दिलंत. चूक होती ती सगळ्या गावाची होती. आम्हाला कमी प्रतीचं काही दिलं असतंत तर मी तुम्हाला दोष दिला असता.*

*दुसरी गोष्ट गणितात बसत नाही, तरी लिहितो. कुडात असताना आई दारात बसायची नाही. दगडाच्या घराला उंबरा झाला आणि ती रोज संध्याकाळी त्यावर बसायला लागली, येणाऱ्याजाणाऱ्याला "या की घरात" म्हणायला लागली. मला तिचा चेहरा आठवतो तो त्या उंबऱ्यावरचा. दुसरा आठवत नाही. भिंतीतल्या देवळीत माझी पाटी राहायची, पावसात भिजायची नाही. मी तिथं वाचायला शिकलो. चार वर्षं आमच्या घरात कुणाचा पाय आला नाही.*

*मी आज जे काम करतो ते दुसरं काही नाही. जुन्या भिंतींत तो आरपार दगड घालतो, पोलादाचा. लोक मला विचारतात हे कुठं शिकलास. मी कॉलेजचं नाव सांगतो. खरं उत्तर तुम्ही आहात.*

*शेवटचं. मागच्या खेपेला सुनंदाताईकडे आलो होतो तेव्हा तुम्ही बाजाराला गेला होता. मी चारही भिंती वाजवून पाहिल्या. दारांच्या वर चौफेर सिमेंटचा पट्टा आहे, कोपऱ्यांत सळया आहेत, स्लॅब हलका आहे. हे घर तुम्हाला मारणार नाही. हे तुमचा मुलगा म्हणून नाही, इंजिनिअर म्हणून लिहून देतोय, खाली सही करून.*

*मला तीन मुस्काटात मारून तुम्ही आत पाठवलंत. माझा हात तुमच्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी तो आता तुमच्यावर उठणार नाही. म्हणून नुसतं लिहितो.*

*थंडी पडायला लागली असेल. पत्र वाचून झालं की खाट आत घ्या.*

*तुमचा,*
*मिलिंद*